घोट्यातली सुई आणि मिठाचं पाणी

वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर निळ्या बॉलपेनने चार ओळी: स्टिरॉइड, वंगणाचं, पीआरपी, स्टेम सेल. प्रत्येकीपुढे रुपयांचा आकडा. सगळ्यात वरचा काही शेकड्यांत, सगळ्यात खालचा काही दहा हजारांत. कागद वडिलांच्या हातात होता आणि शेजारी त्यांची मुलगी, जिल्ह्याच्या संघातून डाव्या कोपऱ्यावर खेळणारी कबड्डीपटू. चढाईला आलेल्या खेळाडूचा घोटा पकडताना तिचाच पाय आत वळला होता, त्याला महिने उलटले होते. सूज कधीच उतरली होती. पण पायऱ्या उतरताना आणि सरावानंतर संध्याकाळी घोट्याच्या आत, खोल कुठेतरी, ठणकत राहायचं. बोट ठेवून दाखव म्हटलं तर तिला नेमकी जागा सापडत नव्हती. वडिलांनी कागद टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, "साहेब, यातलं भारीतलं कुठलं ते सांगा. खर्चाचं आम्ही बघतो."

मुलीसाठी जे उत्तम असेल ते द्यायची तयारी त्या वाक्यात होती, म्हणूनच ते वाक्य मनातून जात नाही. चारही औषधं एकाच सांध्यात जातात, तेव्हा ती एकाच कामाची आणि कमीजास्त ताकदीची असणार, असं तो कागद गृहीत धरून चालला होता. खरं तर चौघांची कामं वेगवेगळी. आणि त्या घोट्यात दुखणं जिथून उठत होतं, तिथे त्यांपैकी एकही थेट पोहोचत नाही. हे पाच मिनिटांत सांगायचं म्हणजे अवघड. बाहेर बाकावर पुढचे रुग्ण वाट पाहत असतात, आणि माणूस उत्तर घ्यायला आलेला असतो, शरीररचना शिकायला नाही. तरी इंजेक्शनांची तुलना शरीररचनेपासूनच सुरू होते. त्याला दुसरी वाट नाही.

पाय मुरगळला की आपल्याकडे काय होतं ते ठरलेलं आहे. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप, वर क्रेप बँडेज, फार तर एक एक्सरे. हाड मोडलेलं नाही हे कळलं की घरात सुटकेचा श्वास. बहुतेकांचं त्यावर भागतंही. पण पाय वळताना घोट्याच्या खोबणीत बसलेलं टॅलस नावाचं हाड कडेला आपटतं, आणि कधी कधी त्याच्या माथ्यावरच्या कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाला, तिच्याखालच्या हाडासकट, चीर जाते. साध्या एक्सरेत ही इजा पुष्कळदा दिसतच नाही. मग दोन-तीन महिन्यांनी एमआरआय होतो आणि रिपोर्टवर 'ऑस्टिओकाँड्रल लेजन' असे शब्द येतात. १९५९ मध्ये बर्न्ट आणि हार्टी यांनी या इजेच्या चार पायऱ्या मांडल्या: हाड नुसतं दबलेलं, तुकडा अर्धवट सुटलेला, पूर्ण सुटला पण जागेवरच असलेला, आणि जागा सोडून सांध्यात भटकणारा. सीटी आणि एमआरआय आल्यावर त्यात भर पडली, त्यातली महत्त्वाची म्हणजे कूर्चेखालच्या हाडात तयार होणारी पोकळी, म्हणजे सिस्ट. मूळ चार पायऱ्या मात्र आजही ओपीडीत रोज वापरल्या जातात.

टॅलस हे विलक्षण हाड आहे. त्याच्या पृष्ठभागाचा साधारण ६० टक्के भाग कूर्चेने झाकलेला, आणि एकही स्नायू त्याला चिकटलेला नाही. रक्तवाहिन्यांना आत शिरायला उरते ती थोडीशी मोकळी जागा, त्यामुळे रक्तपुरवठा जेमतेम. वरची कूर्चा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची. गुडघ्याच्या वाटीमागे हीच कूर्चा काही ठिकाणी पाच मिलिमीटरच्याही वर जाते. चालताना शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार हा इवलासा सांधा पेलतो आणि तरीही आपणहून फारसा झिजत नाही. गुडघा वयाने झिजतो. घोट्याच्या संधिवाताच्या मुळाशी बहुतेक वेळा जुनी मोडतोड किंवा पुन्हा पुन्हा मुरगळणं असतं. म्हणून गुडघ्यावर एखादं इंजेक्शन चाललं एवढ्यावरून ते घोट्यावर चालेल असं म्हणता येत नाही. जाहिरातींत मात्र सर्रास गुडघ्याचे आकडे दाखवून घोट्याचे उपचार विकले जातात.

आता दुखण्याचं. कूर्चेत मज्जातंतू नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही आणि फाटली तर स्वतःहून नीट भरूनही येत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड. पावसाळ्यात डांबराला बारीकशी चीर पडलेली असते, वरून प्रत्येक गाडी गेली की पाणी त्या चिरेतून खाली दाबलं जातं, खडी सुटत जाते आणि वरून रस्ता धड दिसत असताना आत खड्डा तयार होतो. घोट्यात असंच घडतं, असं ॲमस्टरडॅमच्या व्हॅन डाइक यांच्या गटाने २०१० मध्ये मांडलं. प्रत्येक पावलागणिक सांध्यातला द्रव चिरेतून हाडात ढकलला जातो, दाबाने हाड विरत जातं, सिस्ट वाढते, आणि हाडातले मज्जातंतू ठणकत राहतात. इंजेक्शनचं औषध पडतं ते सांध्याच्या पोकळीत, कूर्चेच्या वरच्या बाजूला. त्याने सांध्यातलं रासायनिक वातावरण बदलतं, आतल्या अस्तराची सूज कमी होते. चीर बुजत नाही आणि हाडातली पोकळीही भरत नाही.

एवढं मनात पक्कं बसलं की तो चार ओळींचा कागद निराळा दिसायला लागतो.

स्टिरॉइड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर आराम देणारं. मेथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन, घोट्यासाठी २० ते ४० मिलिग्रॅम. कुपीत ते दुधाळ पांढरं असतं, तळाशी कण बसलेले असतात, म्हणून भरण्याआधी हलवावं लागतं. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, त्या कणांमुळेच. मग काही आठवडे बरं वाटतं. अस्तराला सूज आलेली असेल, सांध्यात पाणी साठलं असेल, तर ते चांगलं काम करतं. पण तरुण खेळाडूच्या ताज्या कूर्चेच्या इजेत ते वारंवार देणं मला अजिबात पटत नाही. २०१७ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्यावरचा एक अभ्यास आला: १४० रुग्ण, दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी एका गटाला ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन आणि दुसऱ्याला सलाइन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता. कूर्चेची जाडी मात्र स्टिरॉइडच्या गटात ०.२१ मिलिमीटरने घटली होती, सलाइनच्या गटात ०.१० ने. गुडघ्याच्या जाड कूर्चेतून एवढं जाणं वेगळं. मिलिमीटरभर कूर्चेच्या घोट्यात असं काही घडू द्यायची जोखीम कोणी घ्यावी? आणखी काही गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. घोट्याच्या पुढची त्वचा पातळ, औषध त्वचेखाली झिरपलं तर तिथे पांढरा डाग पडतो आणि चरबी बसून खळगा दिसतो. सावळ्या कातडीवर तो डाग महिनोन्महिने उठून दिसतो. औषध कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, गेलं तर ती कमजोर होते. आणि शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असेल तर आधीचे तीन महिने स्टिरॉइड टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

लोक ज्याला वंगणाचं इंजेक्शन म्हणतात ते हायल्युरोनिक ॲसिड. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलं जाऊ लागलं, आता बरंचसं जिवाणूंच्या किण्वनातून बनतं. कोंबडी-अंड्याची ॲलर्जी असलेल्याने खोक्यावर मूळ स्रोत कोणता ते वाचून घ्यावं, ते त्यासाठी. बाजारात वेगवेगळ्या रेणुभाराची हायल्युरोनिक मिळतात, साधारण ५ लाख डाल्टनपासून ६० लाखांपर्यंत. जड रेणूंचं जास्त घट्ट आणि सांध्यात जास्त टिकणारं, पण सुई पडल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सांधा लाल होऊन टम्म फुगण्याची प्रतिक्रियाही त्यातच जास्त दिसते. गुडघ्यासाठी एकाच वेळी ६ मिलिलिटर देण्याची सिरिंज मिळते. ती तशीच्या तशी घोट्यात रिकामी करणं चूक आहे. घोट्यात आरामात मावतं ते दोन-तीन मिलिलिटर. त्याच्या वर गेलं की आवरण ताणून रुग्ण कळवळतो आणि थोडं औषध बाहेरच्या ऊतींत निसटतं. अमेरिकेत या औषधाला एफडीए या औषध नियामक संस्थेची मान्यता गुडघ्याच्या संधिवातापुरतीच आहे. घोट्याच्या संधिवातात ते सलाइनशी ताडून पाहिलं गेलं, त्या अभ्यासाचा निकाल २०१२ मध्ये आला: ६४ रुग्ण, एकच इंजेक्शन, सहा आणि बारा आठवड्यांनी तपासणी. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही.

पीआरपीवर, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट्स दाट असलेल्या प्लाझ्मावर, मात्र थोडं थांबायला हवं, कारण या एका नावाखाली फार निरनिराळ्या गोष्टी सुईत भरल्या जातात. प्लेटलेट्स हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो डेंग्यूमुळे. घनमिलिमीटरमागे दीड ते चार लाख हा आकडा आता पेठेतल्या दुकानदारालाही पाठ असतो. याच प्लेटलेट्स जखम भरायला लागणारी प्रथिनं पोटात बाळगतात, म्हणून त्या गोळा करून दुखऱ्या सांध्यात सोडायच्या, ही पीआरपीची कल्पना. दंडातून १८ किंवा १९ नंबरच्या सुईने, घाई न करता, रक्त ओढायचं. ओढाताण झाली तर पेशी फुटतात आणि प्लेटलेट्स आधीच जाग्या होतात. रक्त गोठू नये म्हणून एसीडी-ए हे सायट्रेटचं द्रावण, नऊ भाग रक्ताला साधारण एक भाग. प्रयोगशाळेतली ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी त्यासाठी वापरायची नसते. मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. पहिलं फिरवणं हळू, साधारण २०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपट जोर, दहा मिनिटं. नळी बाहेर काढून उजेडात धरली की तीन थर दिसतात: तळाशी गडद लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मधे कागदाच्या जाडीचा मळकट पांढरा पट्टा. त्या पट्ट्यात पांढऱ्या पेशी असतात आणि त्याच्या लगत वर प्लेटलेट्सची दाटी. सांध्यासाठी प्लाझ्मा पट्ट्याच्या किंचित वरपर्यंतच ओढायचा. हाव धरून पट्टा उचलला तर पांढऱ्या पेशी सांध्यात जाऊन दाह वाढवतात. आणखी खाली गेलं तर लाल पेशी येतात, आणि रक्तातलं लोह कूर्चेला किती मारक असतं ते हिमोफिलियाच्या, म्हणजे सांध्यात वारंवार रक्तस्राव होणाऱ्या, रुग्णांचे सांधे पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मग वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन जास्त वेगाने फिरवायचा, प्लेटलेट्स तळाशी बसतात, वरचा पातळ प्लाझ्मा टाकून द्यायचा आणि उरलेल्या तीन-चार मिलिलिटरमध्ये तळाची गोळी हलकेच विरघळवायची.

यात चुका कुठे होतात? पहिली चूक वेगाची. यंत्रावर आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते लिहिलेलं असतं, पण पेशींवर पडणारा जोर चकतीच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १००० जी, १५ सेंटिमीटरच्या यंत्रात तेच ३००० म्हणजे सुमारे १५०० जी. एका दवाखान्याचा आरपीएम दुसऱ्याने उचलला की निघणारं औषध वेगळं. दुसरी चूक मापाची, आणि ही कुणालाही घरबसल्या तपासता येते. रुग्णाच्या प्लेटलेट्स अडीच लाख धरल्या तर एका मिलिलिटर रक्तात २५ कोटी होतात. ३० मिलिलिटर रक्त घेतलं तर त्यात मुळातच साडेसात अब्ज. प्रक्रियेत बरंच वाया जातं. दोन तृतीयांश हाती लागल्या तरी पाच अब्ज. २०२१ मध्ये भारतातल्याच एका गुडघ्यावरच्या अभ्यासात टिकाऊ परिणामासाठी एकूण १० अब्ज प्लेटलेट्स लागतात असं निघालं. घोट्यासाठी असा आकडा अजून ठरलेला नाही, सांधाही लहान आहे. पण आठ-दहा मिलिलिटर रक्ताच्या एका नळीतून निघालेलं, केसांसाठी आणलेल्या किटमधलं पिवळं पाणी दोन अब्जांच्या आसपासच अडकणार, हे गणित कुणाच्या मतावर अवलंबून नाही. म्हणून पीआरपी घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात: रक्त किती घेणार, तयार झालेल्या पीआरपीतल्या प्लेटलेट्स मोजणार का, आणि पांढऱ्या पेशी वगळणार का. ज्या ठिकाणी हे मोजतात तिथे उत्तर लगेच मिळतं.

आता तुलनेकडे. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या एका गटाने टॅलसच्या याच इजेसाठी पीआरपी आणि हायल्युरोनिक समोरासमोर ठेवलं. प्रत्येक बाजूला १५ घोटे, तीन-तीन इंजेक्शनं, २८ आठवडे पाठपुरावा. घोट्याचं दुखणं आणि काम मोजणाऱ्या शंभरपैकी गुणांत हायल्युरोनिकचा गट ६६ वरून ७८ वर गेला, पीआरपीचा ६८ वरून ९२ वर. हा आकडा पुढे असंख्य माहितीपत्रकांत छापला गेला, आणि तो खोटा नाही. पण त्यात सलाइनचा गट नव्हता. मग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये 'जामा'त नेदरलँड्सचा अभ्यास आला. घोट्याच्या संधिवाताचे १०० रुग्ण, सहा आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, काहींना पीआरपी, काहींना सलाइन. सिरिंज झाकलेली, त्यामुळे कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही कळत नव्हतं. २६ आठवड्यांनी पीआरपीचा गट १० गुणांनी सुधारला होता.

मिठाच्या पाण्याचा गट ११ गुणांनी.

हा निकाल वाचला की मन दोन्हीकडे ओढलं जातं. एकीकडे वाटतं की एवढा खर्च, एवढी यंत्रं, आणि शेवटी सलाइनच्या बरोबरीला. दुसरीकडे दिसतं की सलाइन घेतलेल्या माणसांचं दुखणं खरंच कमी झालं, ते कुणी कल्पनेतून सांगत नव्हतं. सांध्यात साठलेली दाहकारक द्रव्यं पाण्याने पातळ होत असतील. दुखणं असह्य झालं तेव्हाच माणूस दवाखान्यात येतो आणि त्या टोकावरून ते आपसूक थोडं उतरतंच. आणि कुणीतरी आपल्या घोट्याकडे मन लावून पाहिलं याचाही परिणाम होतो. हा अभ्यास झिजलेल्या सांध्यांचा होता, विशीतल्या ताज्या इजेचा नव्हता, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण त्यातून एक कसोटी हाती लागते. एखादं इंजेक्शन घेऊन बरं वाटलं, एवढ्यावरून ते इंजेक्शन चाललं असं ठरत नाही. सलाइनपेक्षा किती जास्त चाललं ते पाहावं लागतं. आणि सुईच टोचली नसती तर काय झालं असतं, तेही. २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी टॅलसच्या इजांवरचे ५२ अभ्यास एकत्र मांडले होते. नुसती विश्रांती आणि खेळबंदी यांवर ४५ टक्के, प्लास्टरमध्ये ५३ टक्के, आणि दुर्बिणीतून खराब भाग खरवडून हाडाला बारीक छिद्रं पाडायच्या शस्त्रक्रियेनंतर ८५ टक्के रुग्णांना चांगला गुण आला होता. म्हणजे जवळपास निम्मे लोक कुठलीही सुई न घेता सुधारतात. त्यांतल्या एखाद्याने मधेच पीआरपी घेतली असेल तर श्रेय कुणाला जातं, ते सांगायला नको.

कागदावरच्या शेवटच्या ओळीबद्दल थोडक्यात. कमरेच्या हाडातून मज्जा ओढून, फिरवून, घट्ट करून सांध्यात सोडतात, त्याला बोलताना स्टेम सेल म्हटलं जातं. त्यात मूळ पेशी असतात, पण दहा हजार पेशींत एखादी, आणि तीसुद्धा सुई प्रत्येक जागी पाच-दहा मिलिलिटरपुरतीच ओढून पुढे सरकवली तर. एकाच जागेवरून साठ मिलिलिटर ओढलं की मज्जेऐवजी बरंचसं साधं रक्त येतं. शस्त्रक्रियेत, छिद्रं पाडलेल्या जागेवर हे द्रव्य बसवण्याला अर्थ आहे, कारण तिथे ते हाडाला भिडतं. नुसतं सांध्यात सोडण्यासाठी चारपट-पाचपट पैसे मोजावेत असा पुरावा घोट्याबाबत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत चाचणीपुरताच राखला होता. खिशाला परवडत नसताना दागिने मोडून ही ओळ निवडणारी माणसं असतात, आणि ते पाहून जीव तुटतो.

सुई कशी जाते, हेही कोणती सुई जाते याइतकंच महत्त्वाचं. रुग्णाला उताणं झोपवायचं, टाच टेबलाच्या कडेबाहेर, पाऊल खाली ताणलेलं. पाऊल वर ओढायला सांगितलं की टिबियालिस अँटिरियरची जाड कंडरा ठळक उठून दिसते. तिच्या आतल्या कडेला, सांध्याच्या रेषेवर, बोटाखाली एक मऊ खळगा लागतो. तीच जागा. कंडरेला लागून राहायचं, कारण घोट्याच्या हाडाकडे सरकलं की तिथून मोठी शीर आणि तिच्यासोबतचा मज्जातंतू जातो. पावलाच्या मध्यावर नाडी लागते तिथून तर अजिबात शिरायचं नाही. क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करून त्वचेपुरतं लिग्नोकेन. भूल देणारं औषध पीआरपीत मिसळायचं नाही, त्याने प्लेटलेट्स मंदावतात, आणि ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन सांध्यात सोडायची जुनी सवय सोडून द्यावी, कूर्चेच्या पेशी त्याने मरतात असं प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. २२ किंवा २३ नंबरची सुई टॅलसच्या गोलाईला समांतर जाईल अशी तिरकी घालायची, सरळ खुपसली तर टोक कूर्चेवर ओरखडा काढतं. टोक योग्य जागी असेल तर औषध विनाअडथळा आत जातं. अंगठ्याला जोर द्यावा लागला तर थांबून टोक हलवायचं, तसंच रेटायचं नाही. सोनोग्राफीत बघत केलं तर आवरण वर उचललं जाताना दिसतं, शंका राहत नाही. सांध्यात पाणी असेल तर ते आधी ओढून घ्यायचं, आणि ते गढूळ आलं तर कुठलंही औषध न घालता नमुना तपासणीला पाठवायचा.

मग ठरवायचं कसं? त्या मुलीच्या एमआरआयमध्ये टॅलसच्या माथ्यावर आतल्या बाजूला आठ मिलिमीटरची जागा होती. कूर्चा वरून अखंड, तुकडा सुटलेला नाही, सिस्ट नाही, भोवती हाडात सूज. एमआरआय ही सूज धरून इजा मोठी दाखवतो, म्हणून शंका असेल तेव्हा सीटीवर हाडाचं खरं माप काढतात. तिला कागदावरची एकही ओळ लगेच नको होती. सहा ते आठ आठवडे उड्या आणि पकडी बंद, ब्रेस, ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर भरून काढणं, आणि बाहेरच्या बाजूच्या सैल पडलेल्या लिगामेंटसाठी पेरोनियल, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या, स्नायूंचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम. १९७६ मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी मोजून दाखवलं होतं की टॅलस एक मिलिमीटर जरी बाहेर सरकलं तरी सांध्यातलं स्पर्शक्षेत्र ४२ टक्क्यांनी घटतं. घोटा डळमळत राहिला तर भार पुन्हा पुन्हा त्याच आठ मिलिमीटरवर पडणार, कोणतंही इंजेक्शन दिलं तरी. तीन महिन्यांनी दुखणं उरलंच, तर पांढऱ्या पेशी वगळलेली, मोजलेली पीआरपी हा विचार करण्याजोगा पर्याय, हमी नसलेला पण धोका कमी असलेला. त्यासाठी आधी सात-दहा दिवस आणि नंतर दोन आठवडे ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्याने मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवायची नाही.

चित्र उलट असतं तेव्हा सुईत वेळ घालवणं नुकसानीचं. तुकडा सुटलेला, घोटा मधेच अडकतो, सिस्ट वाढते आहे, माप १० ते १५ मिलिमीटरच्या वर गेलंय, अशा घोट्याला दुर्बीण लागते. मोठ्या पोकळीला गुडघ्यातून काढलेला हाड-कूर्चेचा ठोकळा बसवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर मात्र इंजेक्शनांची तुलना पुन्हा अर्थपूर्ण होते. तुर्कस्तानात ४० रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छिद्रं पाडल्यानंतर पीआरपी दिलेल्यांचा निकाल हायल्युरोनिक आणि सलाइन या दोन्हींपेक्षा चांगला आला. संख्या लहान आहे, पण तर्काला धरून आहे: तिथे मज्जेचं ताजं रक्त आलेलं असतं, गुठळी धरत असते, आणि औषधाला काम करायला उघडी जागा मिळते.

आणि खेळाडूंच्या घरच्यांना सांगायलाच हवं असं एक. निवड चाचणीच्या तोंडावर स्टिरॉइड मारून मुलांना मैदानात उतरवलं जातं. १ जानेवारी २०२२ पासून 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार स्पर्धाकाळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, सांध्यातलंसुद्धा, प्रतिबंधित आहे. अंगातून जायला लागणारा काळ औषधागणिक बदलतो, तेव्हा तारीख आधी मोजावी लागते. पीआरपी २०११ पासून त्या यादीत नाही. पण नियमाहून गंभीर बाब म्हणजे दुखणं झाकलं गेल्यावर पडणारा भार. जागेवर असलेला तुकडा अशाच सामन्यात सुटतो, आणि पुढच्या एमआरआयवर दुसऱ्या पायरीची इजा चौथ्या पायरीवर गेलेली दिसते. म्हणून इंजेक्शन कुठलंही असो, पुनरागमनाची तारीख दुखणं थांबलं त्या दिवसावरून धरायची नाही. एका पायावर टाच उचलण्याचे पंचवीस फेरे न थकता, एका पायावर उडी मारून स्थिर उतरणं दोन्ही बाजूंना सारखं, आणि दुसऱ्या सकाळी सूज नाही, हे जमल्यावर मग मॅट. इंजेक्शननंतर ताप आला, दुखणं तासागणिक वाढत गेलं, पाय टेकवेना, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठायचं. सांध्यातला पू कूर्चा काही दिवसांत खाऊन टाकतो.